पाण्याचा वाटा : सुखोमाजरी गावाचा धडा

चंडीगढ शहराच्या ईशान्येस, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, सुखना नावाचे एक तळे आहे. केवळ पावसाळ्यात वाहणाऱ्या सुखना ओढ्यावर बांध घालून १९५८ साली हे तळे निर्माण करण्यात आले. नव्याने वसविलेल्या राजधानीतील नागरिकांना फिरावयास व नौकाविहार करावयास एक रम्य स्थान लाभावे, हा त्यामागील हेतू होता. परंतु दोन दशके पुरी होण्याच्या आतच तळ्याची अर्ध्याहून अधिक साठवणशक्ती गाळाने व्यापून टाकली. गाळ उपसण्यावर पैसा खर्च होऊ लागला. पण उपसलेल्या जागी पुढल्या पावसाळ्यात नवा गाळ येऊन बसे.

हा गाळ येतो तरी कोठून? या प्रश्नाचा माग काढीत डेहराडूनच्या केंद्रीय मृद् व जलसंधारण संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या चंडीगढ केंद्रातील शास्त्रज्ञ १९७० नंतरच्या दशकात ओढ्याच्या उगमाकडे गेले. त्यांचे प्रमुख पी. आर. मिश्र हे होते. तळ्याच्या पाणलोट क्षेत्राच्या वरच्या अंगास त्यांना सुखोमाजरी नावाचे एक लहानसे खेडे आढळले. हे खेडे आज हरियाणा राज्याच्या पंचकुला जिल्ह्यात मोडते. त्या काळी तेथे साठाच्या आतबाहेर कुटुंबे राहत. त्यांतील बहुतेक गुज्जर पशुपालक. जमीन थोडी, तीही पावसाच्या भरवशावरची. म्हणून गाई, म्हशी व शेळ्या टेकडीवर मोकळ्या सोडून उदरनिर्वाह चालवावयाचा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती.

शहराच्या दृष्टीने पाहिले तर या खेड्यातील जनावरे हीच तळ्याच्या नाशास कारण होती. खेड्याच्या दृष्टीने पाहिले तर मात्र टेकडीवाचून जनावरे जगत नव्हती आणि जनावरांवाचून माणसे जगत नव्हती. या दोन दृष्टींचा मेळ कसा घातला गेला, त्यासाठी विज्ञानाबरोबर न्यायाचाही आधार का घ्यावा लागला, आणि त्यापासून ग्रामविकासाच्या विचाराने काय घेण्यासारखे आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

टेकडी झिजते कशी

शिवालिक ही हिमालयाच्या रांगांपैकी सर्वांत तरुण रांग होय. नद्यांनी हिमालयातून वाहून आणलेली वाळू, चिकणमाती व गोटे यांचे थर साचून आणि पुढे भूगर्भातील हालचालींमुळे उचलले जाऊन ती बनली आहे. हे थर सह्याद्रीतील काळ्या पाषाणासारखे कठीण नाहीत. कित्येक ठिकाणी ते हाताने कुसकरता येतील इतके ठिसूळ आहेत. या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या महिन्यांत, मोठमोठ्या सरींनी कोसळतो.

उघड्या जमिनीवर आपटणारा पावसाचा थेंब मातीचे कण सुटे करतो. सुटलेले बारीक कण जमिनीच्या छिद्रांत बसून ती बुजवितात. मग पाणी मुरण्याऐवजी पृष्ठभागावरून वाहू लागते. उतारावर त्याचा वेग वाढतो आणि वेग वाढला की माती ओढून नेण्याची त्याची शक्ती त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात वाढते. प्रथम बोटाएवढ्या चऱ्या पडतात. चऱ्या एकत्र येऊन ओघळ होतात. ओघळ रुंदावून घळी बनतात. जमिनीवर गवताचे आच्छादन असेल तर हा क्रम पहिल्याच पायरीवर थांबतो. गवताची पाने थेंबाचा मार झेलतात, त्याचा पालापाचोळा पाण्याचा वेग मोडतो आणि मुळे मातीस घट्ट बांधून ठेवतात.

टेकडीवर शेकडो जनावरे बारमाही चरू लागली म्हणजे दोन गोष्टी एकदम घडतात. गवत पुन्हा फुटण्यास उसंत मिळत नाही, आणि खुरांखाली दबून माती कठीण होते. शेळी कोवळ्या रोपांचे शेंडे खाते, त्यामुळे झाडोरा वाढत नाही. उरलेसुरले झुडूप सरपणासाठी तोडले जाते. अशा उघड्या पडलेल्या उतारांवरून आलेल्या वाळूने पंजाबात व हरियाणात ‘चो’ या नावाने ओळखले जाणारे ओढे रुंदावत गेले आणि पायथ्याची सुपीक शेते वाळूखाली बुजली.

कायद्याचे कुंपण

हे संकट नवे नव्हते. इंग्रजी अमदानीत, १९०० साली, पंजाबात या चोंच्या उपद्रवास आळा घालण्यासाठी एक भूसंरक्षण कायदा करण्यात आला होता. त्यान्वये शिवालिकच्या उतारांवर चराई, वृक्षतोड व नांगरणी यांवर बंधने घालण्याचा अधिकार सरकारास मिळाला. कायद्यामागील विज्ञान चुकीचे नव्हते. चराई थांबली तर गवत वाढेल आणि गवत वाढले तर माती टिकेल, हे खरेच होते. तथापि पाऊण शतकानंतरही कित्येक टेकड्या उघड्याच राहिल्या.

याचे कारण समजणे अवघड नाही. बंदीचा लाभ खालच्या शेतांना, तळ्याला, शहराला होणार. बंदीची झळ मात्र वरच्या गुराख्याला लागणार. ज्याच्या घरात चारा नाही, त्याला टेकडीवर गुरे नेण्यास मनाई करणे म्हणजे जनावर विकून टाक असे सांगणे होय. असा माणूस रात्री, पहाटे, रखवालदाराची नजर चुकवून गुरे नेणारच. शेकडो हेक्टर टेकडीभोवती तारेचे कुंपण घालणे परवडत नाही. आणि घातले तरी ज्यांना आत जाण्याची गरज आहे त्यांच्यापुढे ते टिकत नाही.

शिवाय टेकडी वनखात्याच्या मालकीची होती. तिच्यावरील गवताचा दरवर्षी लिलाव होई आणि ठेकेदार ते गवत कापून नेई. गावकऱ्यांना गवत हवे असल्यास ते त्याच्याकडून विकत घ्यावे लागे. ज्या गवताच्या रक्षणात आपला काडीचाही हितसंबंध नाही, ते गवत गावाने का राखावे?

पाणी अडविले, पण कोणासाठी

शास्त्रज्ञांनी प्रथम त्यांना ज्ञात असलेलेच उपाय योजिले. घळींत दगडी बांध घातले, उतारावर समपातळीत चर खणले, झाडे लावली. त्याचबरोबर १९७६ च्या सुमारास एका घळीच्या तोंडाशी मातीचे एक लहान धरण बांधण्यात आले. घळ अधिक खोल जाऊ नये आणि गाळ तेथेच अडावा, हा त्याचा मूळ उद्देश होता. पाणी साठणे हा जणू त्याचा आनुषंगिक लाभ.

परंतु गावाच्या लेखी हा आनुषंगिक लाभच मुख्य ठरला. शिवालिकच्या पायथ्याशी गव्हाचे पीक हिवाळ्यातील एकदोन सरींवर येते. पेरणीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी गव्हास मुकुटमुळे फुटतात. त्या वेळी ओल मिळाली नाही तर रोपास फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ते नुकसान भरून निघत नाही. धरणातील पाण्याने अशा नेमक्या वेळी एखादी पाळी देता आली, की जे पीक हातचे जावयाचे ते पदरात पडते. कोरड्या हिवाळ्यात गावकऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिले. टेकडी राखली तर धरणात गाळ येणार नाही, गाळ आला नाही तर पाणी टिकेल आणि पाणी टिकले तर गहू पिकेल, ही साखळी समजावून सांगण्यास व्याख्यानाची गरज उरली नाही.

येथपर्यंतची हकीकत ही एका यशस्वी अभियांत्रिकी प्रयोगाची हकीकत आहे. खरी कसोटी यापुढे लागली. धरणाचे पाणी ज्यांच्या शेतांपर्यंत पोहोचे, त्यांचाच गहू वाचे. काही कुटुंबांना जमीनच नव्हती. काहींची जमीन अशा बाजूस होती की तेथे पाणी नेता येत नसे. टेकडीवर गुरे न नेण्याचा निर्बंध मात्र सर्वांना सारखा होता. किंबहुना भूमिहीनास तो अधिकच जाचक होता, कारण शेताच्या बांधावरचा चाराही त्याच्यापाशी नव्हता. शेजाऱ्याच्या गव्हासाठी आपली जनावरे उपाशी का ठेवावयाची, असा प्रश्न या कुटुंबांनी विचारला आणि त्यास सरळ उत्तर नव्हते. एका घराची गुरे जरी टेकडीवर चढली, तरी इतरांचा संयम व्यर्थ जाणार होता.

या प्रश्नातूनच सुखोमाजरीचा नियम जन्मास आला. धरणाच्या पाण्यावर प्रत्येक कुटुंबाचा समान हक्क राहील; मग त्याची जमीन मोठी असो, लहान असो वा मुळीच नसो. ज्यास स्वतःचा वाटा वापरावयाचा नसेल, त्याने तो दुसऱ्यास विकावा अथवा त्याच्या मोबदल्यात दुसऱ्याच्या शेतात वाट्याने पीक घ्यावे.

एक हिशेब

समान वाट्याचा हा नियम काय साधतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. पुढील आकडे सुखोमाजरीच्या दप्तरातील नव्हेत. ते केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत.

समजा, एका लहान धरणाच्या वरचे पाणलोट क्षेत्र १० हेक्टर आहे. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ११०० मिलिमीटर, म्हणजे १.१ मीटर, धरला तर या क्षेत्रावर एकूण १,१०,००० घनमीटर पाणी पडते. त्याचा शेकडा ३० भाग वाहून धरणात आला असे मानल्यास ३३,००० घनमीटर पाणी जमेल. त्यातील निम्मे बाष्पीभवनाने व पाझराने गेले, तरी १६,५०० घनमीटर उरते.

गव्हास पाण्याची एक पाळी सात सेंटिमीटर खोलीची द्यावयाची, तर दर हेक्टरी ७०० घनमीटर पाणी लागते. अर्थात वरील साठ्यातून सुमारे २३ हेक्टर पिकास एक पाळी देता येईल. आता गावात ६० कुटुंबे असतील तर प्रत्येकाच्या वाट्यास २७५ घनमीटर पाणी येते. एवढ्या पाण्यात सुमारे एक एकर गव्हाची एक पाळी होते.

पाणी जमिनीच्या प्रमाणात वाटले असते तर काय झाले असते? ज्याच्यापाशी दोन हेक्टर जमीन आहे, त्याने १४०० घनमीटर पाणी घेतले असते आणि भूमिहीनास काहीच मिळाले नसते. समान वाट्याच्या नियमात मात्र दोन हेक्टरच्या धन्यास जवळजवळ पाच कुटुंबांच्या वाट्याएवढे पाणी लागते. स्वतःचा एक वाटा त्याच्यापाशी आहे. उरलेल्या चार वाट्यांसाठी त्यास इतरांच्या दारी जावे लागेल, आणि त्यांत भूमिहीनाचेही दार असेल. जमीन कोणाची काढून घेतली गेली नाही; तरीही ज्याच्यापाशी जमीन नाही, त्याच्या हाती देवघेव करावयास काहीतरी आले. टेकडी राखण्याचे कारणही त्याबरोबरच आले. कारण धरण गाळाने भरले तर आता त्याचेही नुकसान होणार होते.

सामाजिक कुंपण

हा नियम चालविण्यासाठी गावकऱ्यांनी एक संस्था स्थापन केली. प्रारंभी ती पाणी वापरणाऱ्यांची संघटना होती. पुढे तीच टेकडीच्या सर्व साधनसंपत्तीची व्यवस्था पाहणारी नोंदणीकृत सोसायटी झाली. प्रत्येक कुटुंब तिचे सभासद होते. पाण्याच्या पाळ्या ठरविणे, धरणाची डागडुजी करणे, टेकडीवर गुरे सोडणाऱ्यास दंड करणे ही कामे तिच्याकडे आली.

तारेचे कुंपण न घालता गावाने स्वतःच्या संमतीने टेकडीभोवती जे कुंपण उभे केले, त्यास ‘सामाजिक कुंपण’ हे नाव पडले. या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. गावकरी एकाएकी परोपकारी झाले, असा त्याचा अर्थ नव्हे. नियम मोडल्याने जे गमवावयाचे, ते पाळल्याने मिळणाऱ्यापेक्षा प्रत्येकाच्याच दृष्टीने अधिक झाले, एवढाच त्याचा अर्थ. शेजारी शेजाऱ्यावर लक्ष ठेवू लागला. आणि ही रखवाली कोणत्याही वनरक्षकास जमली नसती इतकी अखंड होती.

गुरे टेकडीवरून गोठ्यात आली. मोकळे सोडून चारण्याऐवजी गवत कापून आणून बांधल्या जागी घालण्याची पद्धत रूढ झाली. शेळ्यांची संख्या घटली आणि म्हशींची वाढली. थोडी, पण अधिक दूध देणारी जनावरे पाळणे आता फायद्याचे ठरू लागले. शेण एका जागी मिळू लागले, ते शेतास खत म्हणून उपयोगी पडले. १९७६ साली टेकडीवर दर हेक्टरी सुमारे १३ झाडे होती. १९९२ साली ती संख्या १२७२ पर्यंत गेल्याचे नमूद आहे. या पाणलोटातून तळ्याकडे वाहणारा गाळही पूर्वीच्या मानाने अत्यल्प राहिला.

टेकडीचे उत्पन्न

टेकडी हिरवी झाल्यावर नवा प्रश्न उद्भवला : वाढलेले गवत कोणाचे? या प्रदेशात भाबर नावाचे एक चिवट गवत उगवते. कोवळेपणी ते जनावरांचा चारा असते. पक्व झाल्यावर त्याचे दोर वळतात, आणि कागदाच्या गिरण्यांनाही त्याची मागणी असे. ज्या गावाने गवत राखले त्या गावास डावलून त्याचा लिलाव ठेकेदाराच्या नावे होऊ लागला, तर समान वाट्याच्या नियमातून जे साधले ते सारे विस्कटणार होते.

म्हणून वनखात्याने लिलाव न करता मागील वर्षांच्या सरासरी उत्पन्नाएवढ्या रकमेवर गवताचा मक्ता गावाच्या सोसायटीसच द्यावा, अशी व्यवस्था करण्यात आली. खात्याचे उत्पन्न बुडाले नाही. सोसायटीने गावकऱ्यांकडून दर विळ्यामागे माफक वार्षिक शुल्क घेऊन चाऱ्याचे गवत कापू दिले, आणि भाबर विकून आलेल्या पैशातून धरणांची दुरुस्ती व गावाची इतर कामे केली. पाणी, चारा आणि गवत या तिन्हींचा लाभ ज्यांनी संयम पाळला त्यांच्याच हाती आला.

ग्रामविकासाच्या कल्पनेत पडलेला फरक

या लहानशा गावाच्या प्रयोगाचे महत्त्व जाणण्यासाठी तत्पूर्वीचा ग्रामविकासाचा विचार ध्यानात घेतला पाहिजे. स्वतंत्र भारतात २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ क्षेत्रांत सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला. शेती, आरोग्य, शिक्षण, रस्ते यांचा एकत्रित विचार करणारा तो एक थोर उपक्रम होता. परंतु त्याची बरीच साधने, उदाहरणार्थ सुधारलेले बियाणे, खत व कर्ज, ज्यांच्यापाशी जमीन व पाणी होते त्यांनाच सहज उपयोगी पडणारी होती. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने या कार्यक्रमाचे परीक्षण करून लोकांचा पुढाकार अपुरा असल्याकडे लक्ष वेधले आणि लोकनियुक्त पंचायतींच्या त्रिस्तरीय रचनेची शिफारस केली.

गायरान, ओढा, टेकडी, वन ही जी सर्वांची सामाईक साधने, ती या विचारात बहुधा बाजूसच राहिली. वास्तविक गावातील दुबळ्या माणसाचा निर्वाह यांवरच अधिक अवलंबून असतो. सरपण, चारा, कंदमुळे आणि पाणी त्याला येथूनच मिळते. म्हणून टेकडीचा ऱ्हास ही केवळ निसर्गाची हानी नसते. ती प्रथम गरिबाची हानी असते. उलट, टेकडीचे पुनरुज्जीवन जर गरिबास बाहेर ठेवून केले, तर त्याचा भारही प्रथम त्याच्यावरच पडतो. ‘पर्यावरण’ आणि ‘समता’ हे दोन स्वतंत्र विषय नसून एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, हे सुखोमाजरीने दाखवून दिले.

पश्चिम बंगालमधील आराबारी येथेही १९७२ पासून सालवनाच्या रक्षणात आसपासच्या गावांना उत्पन्नाचा वाटा देण्याचा प्रयोग चालू होता. अशा अनुभवांच्या आधारे केंद्र शासनाने १ जून १९९० रोजी वनरक्षणात ग्रामस्थांना सहभागी करून घेण्याविषयीचे परिपत्रक काढले. पाणलोट विकासासंबंधी हनुमंत राव समितीने १९९४ साली अहवाल दिला आणि त्यानंतरच्या मार्गदर्शक सूत्रांत गावाच्या पाणलोट समितीस स्थान मिळाले.

पुरंदरची पाणीपंचायत

जवळजवळ त्याच सुमारास, पण स्वतंत्रपणे, महाराष्ट्रातही अशाच एका विचाराने आकार घेतला होता. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे पाहून विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंते व उद्योजक अस्वस्थ झाले. पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात नायगाव येथे देवस्थानची १६ हेक्टर उजाड जमीन खंडाने घेऊन त्यांनी तेथे माती व पाणी अडविण्याचे प्रयोग केले. त्यातून पाणीपंचायतीची चळवळ उभी राहिली.

पाणीपंचायतीचे नियम थोडे पण कडक होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, आणि कोणत्याही कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाही. पाण्याचा हक्क जमिनीस चिकटलेला नसावा. भूमिहीनासही तो असावा. ऊस लावावयाचा नाही, कारण एका उसाच्या मळ्यास लागणाऱ्या पाण्यात कित्येक कुटुंबांची ज्वारी व भाजीपाला पिकतो. योजनेच्या खर्चाचा काही भाग लाभार्थींनी स्वतः उचलावयाचा.

शिवालिकमधील टेकडी आणि पुरंदरचा माळ यांचे हवामान, खडक, पिके, समाज सारेच भिन्न. सुखोमाजरीत कुटुंब हे वाटपाचे एकक होते, पुरंदरात माणूस. तरीही दोन्ही ठिकाणच्या अनुभवाने एकच गोष्ट पुढे आली. जमिनीची वाटणी पूर्वीच होऊन गेलेली असते आणि ती विषम असते. पण जे पाणी आजवर वाहून जात होते, ते अडविल्यावर नव्यानेच निर्माण होते. या नव्या संपत्तीचे वाटप जुन्या विषमतेच्या मापाने करावयाचे की नव्या मापाने, हे ठरविण्याची संधी गावास एकदाच, प्रारंभी मिळते. एकदा पाट खोदले गेले आणि बागा उभ्या राहिल्या, म्हणजे ती संधी सहसा परत येत नाही.

उणिवा आणि पुढील अवस्था

कोणत्याही प्रयोगाचे केवळ यशच सांगणे हे शास्त्रीय वृत्तीस धरून नाही. सुखोमाजरीचे गाव लहान होते, बहुतेक कुटुंबे एकाच समाजातील होती आणि त्यांच्या जमिनींत फार मोठी तफावत नव्हती. जेथे जातीजातींत दुरावा आहे आणि एकाच्या घरी शंभर एकर तर दुसऱ्याच्या घरी काहीच नाही, तेथे असा नियम संमत होणे कितीतरी अवघड असते.

दुसरे असे, की पाण्याचा हक्क कुटुंबाच्या नावे होता. गुरे गोठ्यात बांधल्यावर टेकडीवरून चारा कापून, भारा डोईवर घेऊन येण्याचे काम मात्र बहुतेक घरी स्त्रियांकडेच येते. घराघरांतील समता घराच्या उंबरठ्याआत आपोआप शिरत नाही. ज्यांच्या श्रमावर व्यवस्था उभी आहे, त्यांस निर्णयात स्थान मिळाले पाहिजे, हा धडा पुढील कार्यकर्त्यांना स्वतंत्रपणे शिकावा लागला.

तिसरे, गावाबाहेरील नियमही बदलत राहिले. गवताच्या उत्पन्नातील वाट्याविषयी वनखाते व सोसायटी यांच्यात पुढे मतभेद झाले. सोसायटीच्या उत्पन्नावर प्राप्तिकराची मागणी झाली. आरंभीचा विक्रीयोग्य समान वाटा मागे पडून पाणी तासाच्या दराने विकण्याची रीत आली. धरणांत कालांतराने गाळ साचतोच. त्यांची डागडुजी करण्याइतके उत्पन्न आणि उत्साह दोन्ही टिकले तरच ती चालू राहतात. शहर जवळ असल्याने तरुणांना तेथे रोजगार मिळू लागला आणि टेकडीवरील अवलंबन घटले, तसा सोसायटीचा पूर्वीचा जोमही ओसरला.

तळ्याची पुढील कथाही बोधप्रद आहे. गाळ रोखण्यासाठी सुखनाच्या सुमारे ४२ चौरस किलोमीटर पाणलोटात पुढे वनखात्याने अनेक लहान बांध घातले. गाळ कमी झाला. पण त्यांत पाणीही अडू लागले. २०१० नंतरच्या दशकात कमी पावसाच्या काही वर्षी तळ्याची पातळी चिंताजनक रीतीने खाली गेली, आणि वरच्या बांधांकडे बोट दाखविले जाऊ लागले. वर अडविलेला प्रत्येक थेंब खालच्याच्या हिश्शातून जातो. म्हणून वाटपाचा प्रश्न एका गावाच्या शिवेवर संपत नाही. तो संपूर्ण पाणलोटाचा, माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा प्रश्न असतो. शहराने गाळ न येण्याचा लाभ वर्षानुवर्षे घेतला. ज्यांच्या संयमाने तो लाभ झाला, त्या गावास शहराने नियमितपणे काही द्यावे की नाही, हा प्रश्न आजही विचार करण्याजोगा आहे.

सारांश

ग्रामविकासाच्या योजनांत समतेचा उल्लेख बहुधा शेवटी येतो. आधी उत्पादन वाढवावे, मग वाटपाचे पाहावे, असा क्रम धरला जातो. सुखोमाजरीत हा क्रम चालू शकला नाही. वाटप न्याय्य ठरेपर्यंत टेकडी राखली जाईना. टेकडी राखली जाईपर्यंत धरण टिकेना. आणि धरण टिकल्याशिवाय उत्पादन वाढेना. न्याय हा तेथे विकासाचे फळ नव्हता, त्याच्या यंत्रणेतील एक आवश्यक भाग होता. तो भाग पुढे झिजला तेव्हा उरलेली यंत्रणाही सैल झाली. म्हणून कोणत्याही गावात माती व पाणी राखण्याची योजना आखताना उतार किती, पाऊस किती, माती कोणती या प्रश्नांबरोबर आणखी दोन प्रश्न प्रारंभीच विचारावे लागतात : संयम कोणी पाळावयाचा आहे, आणि लाभ कोणास मिळावयाचा आहे? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकच असतील, तर कुंपणाची गरज फारशी भासत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावातील किंवा जवळच्या एखाद्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र नकाशावर आखून पाहा. त्याच्या माथ्याशी कोणाची वस्ती आहे आणि पायथ्याशी कोणाची?

२. एका बंधाऱ्यात ८,४०० घनमीटर वापरण्याजोगे पाणी आहे. गावात ४० कुटुंबे आहेत. प्रत्येक कुटुंबाचा समान वाटा किती? दर हेक्टरी ७०० घनमीटर या मानाने एका वाट्यात किती क्षेत्रास एक पाळी देता येईल?

३. वरील गावात पाणी कुटुंबाऐवजी माणशी वाटले, तर कोणत्या कुटुंबांचा लाभ होईल आणि कोणत्यांचा तोटा? दोन्हींपैकी कोणती पद्धत अधिक न्याय्य वाटते, ते सकारण लिहा.

४. आपल्या गावात चराईबंदी करावयाची झाल्यास तिची झळ प्रथम कोणास लागेल? त्यांस कोणता लाभ मिळाल्यास ते ती आनंदाने पाळतील?